पापणीवरचं पेन

आमच्या ह्यांना सगळे 'कितवा' म्हणायचे. आईबापांनी नाव ठेवलं होतं, चांगलं होतं, पण लग्नात एकदा आणि पेन्शनच्या कागदावर एकदा सोडलं तर त्या नावाला कुणी हात लावला नाही. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत ह्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली. माणूस आत आला की मान न वळवता विचारायचे, "कितवा?" त्याने मजला सांगितला की पितळी दांडा ओढायचे. ही सवय अंगात इतकी मुरली की सकाळी मी हलवून उठवलं तरी डोळे मिटलेले आणि तोंडात आधी "कितवा?" मी म्हणायचे, "आला तुमचा मजला, उतरा आता." मग उतरायचे बिचारे.

ती लिफ्ट मी एकदाच पाहिली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे डबा विसरून गेले आणि मी नवी नवरी, उत्साह नुसता उतू चाललेला, डबा घेऊन थेट ऑफिसात. जाळीचं दार, आत आमच्या बाथरूमएवढी जागा, तीत माणसं कोंबलेली, आणि कोपऱ्यात स्टुलाला टेकून हे. मी शिरले ती बरोबर ह्यांच्या समोर, नाकाला नाक लागेल इतकी. म्हटलं आता हसतील, निदान भुवई तरी उडवतील. कुठलं काय. ताठ उभे, ओठ घट्ट मिटलेले, तोंड लालबुंद, नजर माझ्या डोक्यावरून दारावर. शेवटच्या मजल्यापर्यंत मी ते तोंड बघत गेले. वर दार उघडलं, माणसं उतरली, तेव्हा कुठे "दे इकडे" म्हणून डबा घेतला. मी काही त्या लिफ्टने परत आले नाही. जिन्याने उतरले, अख्खा जिना रडत. ह्या माणसाला आपली लाज वाटते, एवढंच डोक्यात.

पुढे घरातही तेच. सदऱ्याचं वरचं बटण लावायला जवळ गेले की लाकूड. डोळ्यात कण गेला म्हणून फुंकर मारायला गेले की लाकूड. ओठ मिटायचे, मान ताठ व्हायची, आणि मी बाजूला झाले की हळूच 'हुश्श'. ते 'हुश्श' मला ऐकू यायचं ना. आमची बेबी झाली ती काही आभाळातून पडली नाही, पण अंधारातसुद्धा ह्यांचं तोंड भिंतीकडे. मी काही रूपाची खाण नव्हते, ते आरशाने मला सांगितलंच होतं, पण नवऱ्याने रोज उठून सांगावं? माझाही स्वभाव काही मऊ नाही. मी जवळ जाणंच सोडलं. ताट ठेवायचं आणि मागे सरायचं. भांडण नाही, दारू नाही, हात उगारणं नाही. शेजारणी म्हणायच्या, "तुझा नवरा म्हणजे देवमाणूस." मी म्हणायचे, हो ना, देवाच्या तरी कुठे फार जवळ जाता येतं. त्या हसायच्या आणि मी दार लावून घ्यायचे.

मग ऑफिसात बटणांची लिफ्ट आली. ज्याला त्याला आपापला मजला दाबता येतो म्हटल्यावर 'कितवा' विचारायला माणूस कशाला हवा? ह्यांना वेळेआधीच घरी बसवलं. निरोपाला भाषण झालं आणि आठवण म्हणून लिफ्टमधलं स्टूल दिलं. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी दोन इमारतींच्या मधल्या बोळात उघडते, तिथे ऊन यायचं तर वाट चुकूनच येतं. एवढ्याशा खोलीत ह्यांनी कपाट आणि भिंतीच्या मधला कोपरा निवडला, तिथे ते स्टूल ठेवलं आणि दिवसभर त्यावर बसायला लागले, तोंड दाराकडे करून. मी म्हटलं, "अहो, जरा चक्कर मारून या की." म्हणाले, "इथे बरं आहे." एका पेटीतून सुटला आणि दुसरी शोधून बसला. काय बोलायचं अशा माणसाला?

डोळ्याचं कळलं ते चौकटीमुळे. येता-जाता ह्यांचा खांदा चौकटीवर आपटायला लागला. कपाच्या शेजारी चहा ओतायला लागले. मला वाटलं वय झालं, बेबीला वाटलं चष्मा बदलायचा झाला. तिनेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, काचबिंदू. डोळ्याच्या आत पाणी असतं, त्याचा दाब वाढला की मागची नस मरत जाते. आधी बाजूचं दिसायचं बंद होतं. गेलं ते परत येत नाही, आहे ते राखायचं, आणि राखायचं म्हणजे रोज डोळ्यात थेंब घालायचे आणि दाबावर लक्ष ठेवायचं.

पण दाब मोजू देईल तर तो आमचा माणूस कसला? डोळ्यावर हवेचा फवारा मारायचं एक यंत्र होतं, त्याने 'फुस्स' केल्याबरोबर हे खुर्चीसकट मागे. दुसऱ्यात डोळा बधिर करून निळा दिवा जवळ आणतात, तिथे ह्यांनी डोळे असे आवळले की उघडायला दोन माणसं लागली. डॉक्टरीणबाई वैतागल्या नाहीत, ही आमची पुण्याई. म्हणाल्या, "ठीक आहे काका, डोळ्याला हातच लावत नाही. पापणीवरून बघू."

तेव्हा ते पेन निघालं. जाडसर पेनासारखंच दिसतं, म्हणून आम्ही सगळे पेनच म्हणतो. माणसाने आडवं पडायचं आणि आपल्याच पायाच्या अंगठ्यांकडे बघायचं. मोजणाऱ्याने वरची पापणी बोटाने अलगद धरायची, पेन अगदी उभं, ओळंब्यात धरून पापणीच्या काठाशी टेकवायचं. आतली बारीक दांडी पापणीवर टुक्कन पडते आणि उडते. कशी उडते त्यावरून आकडा येतो. बेबी म्हणाली, "आई, फळ पिकलंय का बघायला आपण अंगठ्याने दाबतो ना, तसंच." सिस्टर ह्यांच्या डोक्यामागे उभ्या राहिल्या, वरून पेन टेकवलं, टुक, आणि म्हणाल्या, "सोळा. छान आहे." ह्यांना कळलंसुद्धा नाही.

सोळा छान, तर मग नजर का आकसतेय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींचा दाब संध्याकाळी चढतो आणि आपण तर सकाळीच बघतो. पेन काही आठवडे घरी न्या, रोज संध्याकाळी मोजा आणि सिस्टरना फोनवर आकडा सांगा. बेबीचा हात स्थिर, तिने लगेच शिकून घेतलं.

आता बेबीचं सांगायला हवं, कारण जीव तिच्यातच अडकला होता. लग्नाच्या वयाची घोडी झाली तरी घरात बेबीच. बापाने लिफ्ट चालवली, तर हिने लिफ्ट दुरुस्त करायचं शिक्षण घेतलं. वर्गात एकटी मुलगी. पाने, पक्कड, टेस्टर, सगळं एका कातडी पिशवीत, आणि ती पिशवी दाराच्या खिळ्याला. दूरच्या शहरात लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली होती. एक तारखेला हजर व्हायचं होतं. तेवढ्यात हे डोळ्यांचं निघालं. तिने महिनाभर मुदत मागितली, त्यांनी दिली, आणि बजावलं की पुढे थांबणार नाही.

आणि इथे रोज संध्याकाळी आकडा सत्तावीस. कधी अठ्ठावीस. सिस्टर फोनवर विचारायच्या, गळ्याचं बटण मोकळं आहे ना? डोळे आवळत नाहीत ना? बटण मोकळं, डोळे उघडे. आणखी एक थेंब वाढवला, आकडा ढिम्म हलला नाही. दर आठवड्याला सकाळी दवाखान्यात जायचो, तिथे सोळा, सतरा. घरी आलो की सत्तावीस.

"घरी काही ताण आहे का?" डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं. चांगल्या मनाने विचारलं. पण मला ते असं झोंबलं की सांगता सोय नाही. दवाखान्यात सोळा आणि घरी सत्तावीस, तर घरी जास्तीचं काय आहे? मी. दुसरं काय? जन्मभर ह्या माणसाला मी नकोशी, आणि आता ते त्याच्या डोळ्यांत मोजता यायला लागलं, आकड्यासकट. त्या दिवसापासून मोजायची वेळ झाली की मी स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सोडून भांडी घासत बसायचे. स्वच्छ भांडी परत घासायचे. मेलं तेवढा तरी दाब कमी होऊ दे.

बेबी मागे लागली होती, "आई, तू शिकून घे ना. तुला जमलं तर मी निघेन. थेंब तू घालतेसच." थेंब काय, लांबून हात पुढे करून घालता येतात. पेनाला वाकावं लागतं, तोंडाशी तोंड न्यावं लागतं. मी म्हटलं, "माझ्याच्याने होणार नाही."

"का पण?"

"हात कापतो माझा."

"कधीपासून?"

"आत्तापासून," मी म्हटलं आणि विषय तोडला. काय सांगणार होते पोरीला? की तुझा बाप मी जवळ गेले की लाकूड होतो, आणि ते मला पुन्हा बघायचं नाही? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी माझी गत. मी वाकले नाही तर पोर अडकते आणि वाकले तर आकडा तिसाच्या वर जाईल, ह्याची मला खात्रीच होती. ती त्या खोलीत कोंडली, हे स्टुलावर कोंडलेले, मी स्वयंपाकघरात. तीन माणसं आणि कुणालाच दार सापडेना.

महिना संपत आला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं काढलं आणि म्हणाल्या, नंतर बरेच महिने घरी रोज मोजणारं माणूस हवं. बेबीने पिशवी खिळ्यावरून काढली, पाने पुसून एकेक कपाटात ठेवले. म्हणाली, "उद्या फोन करून नाही सांगते त्यांना." रडली नाही. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं, पण तिने कपाट अगदी हळू लावलं, आवाजही न करता. हे स्टुलावरून म्हणाले, "बाळा, माझ्यासाठी कशाला?" ती म्हणाली, "मग कुणासाठी बाबा?" आणि पेन घ्यायला गेली.

त्याच संध्याकाळी पलंगावरचा दिवा लुकलुकायला लागला. बेबीने हाक मारली, "आई, जरा टॉर्च धर." मी म्हटलं, मला भांडी आहेत. ती म्हणाली, "आई." भांडी तशीच टाकली. टॉर्च घेऊन ह्यांच्या पायाशी उभी राहिले. घरी मोजताना मी इतक्या जवळ उभी राहण्याची ती पहिलीच वेळ.

आमचा पलंग कोपऱ्यात, उशीकडे भिंत, एका बाजूला कपाट. दवाखान्यातल्या सिस्टरसारखं डोक्यामागे उभं राहायला जागाच नाही. म्हणून बेबी एक गुडघा पलंगावर टेकून बाजूने ह्यांच्यावर वाकायची, पापणीचा काठ नीट दिसावा म्हणून तोंड वीतभरावर न्यायची. हे अंगठ्यांकडे बघत पडलेले. चष्म्याची डबी ह्यांनी सवयीने पोटावर ठेवली होती. ती खाली-वर, खाली-वर होत होती. माझं लक्ष तिच्यावरच, कारण तोंडाकडे मला बघायचं नव्हतं.

बेबी वाकली आणि डबी थांबली.

मी टॉर्च वर नेला. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, तोंड लालबुंद. तेच तोंड. शेवटच्या मजल्यापर्यंत मी बघत गेले होते ते. टुक झालं, बेबी म्हणाली, "अठ्ठावीस," आणि सरळ झाली. लगेच 'हुश्श', आणि डबी परत खाली-वर.

बेबी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. लहानपणी तिचं उष्टं खाल्ल्याशिवाय हे ताटावरून उठायचे नाहीत. माझी किळस येते समजू, पण बेबीची? ते शक्यच नाही. मग हे आहे काय?

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही श्वास का धरता?"

"कोण? मी?"

"नाही, शेजारचा. तुम्हीच. ती जवळ आली की श्वास धरता तुम्ही."

बेबी माझ्याकडे बघायला लागली, मग पेनाकडे. "बाबा, श्वास कोंडला की दाब चढतो," ती सावकाश म्हणाली. "रोज धरत होतात?"

हे पडल्या पडल्या विचार करत राहिले. खरंच आठवत होते. मग म्हणाले, "सवय आहे ती. लिफ्टची. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने सांगितलं होतं, लोक अगदी तोंडाशी उभे राहतात, त्यांच्या अंगावर श्वास सोडायचा नाही. आधीच्या माणसाची कुणी बाईंनी तक्रार केली होती, त्याला काढून टाकला. मग काय, दार लागलं की धरायचा आणि उघडलं की सोडायचा. वरचे मजले जड जायचे."

"आणि घरी?" मी विचारलं. "घरी कोण तक्रार करणार होतं?"

"घरी ठरवून नाही," ते म्हणाले. "तू जवळ आलीस की आपोआप व्हायचं. आणि म्हटलं बरंच आहे, दिवसभर राबतेस, तुला कशाला आपल्या तोंडाचा वास?"

मला इतका राग आला की टॉर्च फेकून मारावासा वाटला. अहो, डबा घेऊन आले होते मी. जिना रडत उतरले होते. एक अक्षर बोलला असता हा माणूस तर माझा जन्म वेगळा गेला असता. "मला सांगता आलं नाही?" मी म्हटलं.

"तू कधी विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं? की तुम्हाला माझी किळस येते का? मला आजवर तेच वाटत आलंय."

हे उठून बसले. बाजूचं दिसत नाही म्हणून पूर्ण मान वळवून माझ्याकडे बघितलं. "वेडी आहेस का तू?" म्हणाले. एवढंच. पण असं कधी ते माझ्याशी बोलले नव्हते, इतक्या घाबरून.

बेबी पाठ करून उभी होती, कपाटाशी काहीतरी शोधल्यासारखं करत. मी टॉर्च तिच्या हातात दिला. "धर. आणि ते पेन दे इकडे."

"तुझा हात कापतो ना?"

"जास्त शहाणपणा करू नकोस."

ह्यांना आडवं केलं. तिने सांगितलं तसं पापणीला बोट लावलं. नवऱ्याची पापणी इतकी मऊ असते हे मला त्या वयात कळलं, आता हसा. पेन उभं धरलं आणि वाकले. डबी थांबली.

"सोडा," मी म्हटलं.

ओठ न उघडता म्हणाले, "तोंडावर?"

"तोंडावर."

"अगं, कच्चा कांदा खाल्लाय जेवताना."

"मीच चिरून दिला होता. सोडा म्हणते ना."

आणि ह्यांनी श्वास सोडला. गरम, कांद्याचा, थोडा चहाचा. माझ्या गालावर, डोळ्यांवर. मग आत घेतला, परत सोडला. एकदा पेन तिरकं झालं, आकडा आला नाही. बेबी म्हणाली, "सरळ धर, सरळ." मी सरळ धरलं. टुक.

आकडा मला वाचता येईना. बेबीने माझ्या हातातून पेन घेतलं. "अठरा," ती म्हणाली. मग तिने स्वतः मोजलं, बापाला मोठ्याने श्वास घ्यायला लावून. सतरा. "आई, रडतेस का तू?"

"कांदा झोंबला," मी म्हटलं.

तिने दुसऱ्या दिवशी फोन केला, पण तो डॉक्टरीणबाईंना. त्यांनी बोलावून घेतलं, दोन-तीनदा संध्याकाळी स्वतः मोजलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. काहींची नस एवढ्या दाबालाही झिजते, थेंब चालू ठेवा, मोजत राहा, म्हणाल्या. बेबीने पाने परत पिशवीत भरले आणि एक तारखेला गेली. निघताना बापाच्या पाया पडायला वाकली तेव्हा ह्यांनी तिच्या डोक्यावर तोंड टेकवलं आणि मुद्दाम मोठा श्वास सोडला. तिला हसू आवरेना.

गेलेली नजर काही आली नाही. स्टूल तिथेच आहे, खांदा अजून चौकटीला लागतो. सकाळी अजून 'कितवा?' ऐकू येतं. पण संध्याकाळी हे आपणहून पलंगावर जाऊन पडतात आणि डबी पोटावर ठेवतात. आता आठवण करून द्यावी लागत नाही, श्वास आपोआप चालू राहतो. तरी मी वाकले की रोज म्हणते, "सोडा." आणि आकडा आला तरी लगेच उठत नाही.